दहा ते पाच म्हाताऱ्या माणसाकडे बघायचं कोणी? टाळेबंदीच्या इतिहासातलं एक राहून गेलेलं पान

आज १ ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, दोन भाषणं, चहा-बिस्कीट आणि ग्रुप फोटो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठराव केला आणि १९९१ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. अलिबाग तालुक्यातल्या अशा कार्यक्रमांच्या बातम्या मी गेली वीस-एक वर्षं लिहितोय, आजही एक लिहून आलो. सत्कार व्हायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरातली कमावती माणसं कामाला गेल्यावर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतं कोण, हा प्रश्न ह्या व्यासपीठांवर अजून कोणी विचारलेला मी ऐकला नाही.

कोविडच्या दोन वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर गावागावांत आपोआप दिसलं. त्या काळाचा इतिहास लिहिताना आपण ऑक्सिजन, खाटा, रेमडेसिविर आणि चालत गावी निघालेले मजूर ह्यांच्याबद्दल लिहितो. दिवसभराच्या सोबतीचं काय झालं, ते कुठेच आलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी थोडं मागे जाऊ.

लहान मुलांचं पाळणाघर आपल्याला कळतं. म्हाताऱ्या माणसांसाठी तसंच ‘डे केअर’ असतं म्हटलं की आपल्याकडे लोक चमकतात. त्यांना वाटतं वृद्धाश्रमच. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वृद्धाश्रमात माणूस घर सोडून जातो. डे केअरला तो सकाळी जातो आणि संध्याकाळी आपल्याच घरी येतो. माणूस घरीच राहावा म्हणून केलेली ती सोय आहे.

इंग्लंडात ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायोनेल कोसिन ह्यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. हे रुग्णालय म्हणजे पूर्वीचं गोरगरिबांचं ‘वर्कहाऊस’. तिथे म्हातारी माणसं वर्षानुवर्षं खाटेवर पडून असायची. कोसिन ह्यांनी त्यांना उठवून चालतं केलं, घरी पाठवलं आणि दिवसा व्यायामाला, उपचाराला परत बोलवायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊन भागात चिनी, इटालियन, फिलिपिनो घरांतून आई-बापांना नर्सिंग होममध्ये टाकायला लोक तयार नव्हते. आपल्यासारखंच, ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘आम्हालाच करमणार नाही’ हे दोन्ही. तिथे विल्यम गी नावाचे दंतवैद्य आणि मारी-लुईस अॅन्सॅक ह्यांनी १९७१ मध्ये ‘ऑन लोक’ ही संस्था काढली आणि १९७३ मध्ये दिवसाचं केंद्र उघडलं. आज अमेरिकेत ‘पेस’ नावाची जी सरकारी योजना चालते, ती ह्याच केंद्रावरून बेतलेली. जपानने २००० साली वृद्धसेवेचा सार्वजनिक विमाच सुरू केला. तिथे सकाळी केंद्राची गाडी दारात येते, आजी-आजोबांना नेते, अंघोळ-जेवण-व्यायाम करून संध्याकाळी आणून सोडते.

आपल्याकडे कागदावर सगळं आहे. केंद्र सरकारची १९९२ पासूनची वृद्धांसाठीची योजना आहे. तिच्यातून संस्थांना वृद्धाश्रमासाठी, दिवसाच्या केंद्रासाठी, फिरत्या दवाखान्यासाठी अनुदान मिळतं. १९९९ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, नंतर राज्याचंही आलं. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवडकडे महापालिकांची ‘विरंगुळा केंद्रं’ उभी राहिली. नाव छान आहे. वर्तमानपत्रं, कॅरम, बाकडी, कधी व्याख्यान, कधी रक्तदाब तपासणी. मुंबईत १९९५ पासून काम करणारी डिग्निटी फाउंडेशन आहे, देशभर १९७८ पासून हेल्पेज इंडिया आहे. विसरण्याचा आजार म्हणजे डिमेन्शिया झालेल्यांसाठी दिवसाची केंद्रंही मोठ्या शहरांत निघाली, पण बोटांवर मोजण्याइतकी. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरची माणसं १० कोटी ३८ लाख होती आणि महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा. त्यांच्यापुढे ही केंद्रं किती पुरणार?

आणि किहीममध्ये काय होतं?

पाटी लावलेलं केंद्र एकही नव्हतं, आजही नाही. तरी दिवसाची सोय होती. सकाळी देवळात जायचं आणि ओट्यावर तासभर बसायचं. कोणी आलं नाही तर दुसरा विचारणार, “काय रे, आज आण्णा दिसले नाहीत?” हीच आमची हजेरी. दुपारी बायकांचं भजन, नाहीतर कोणाच्या पडवीत बसून सुपारी नाहीतर चिंच सोलणं. तालुक्यात कार्ले, खंडाळे, वाडगावकडे पांढऱ्या कांद्याचा हंगाम आला की अंगणात बसून कांद्याच्या माळा विणायच्या. त्या विणणाऱ्या बायकांत साठी-सत्तरीच्या कितीतरी. हात चालतो, तोंड चालतं, चार पैसेही सुटतात. कोणी चोंढी नाक्यावर बाजाराला जाणार, कोणी एसटीने अलिबागला. महिन्यातून एकदा बँकेत. तिथे पेन्शनपेक्षा रांगेतल्या गप्पांना जास्त महत्त्व. पुरुषांचं समुद्रावर सुरूच्या झाडांखाली बसणं वेगळंच.

ह्याला कोणी सेवा म्हटलं नाही, कोणी अनुदान दिलं नाही. पण माणूस घराबाहेर पडत होता, त्याला कोणीतरी बघत होतं आणि तो दिसला नाही तर कोणीतरी विचारत होतं. ऑक्सफर्डपासून जपानपर्यंतच्या केंद्रांचं मूळ काम हेच आहे.

मार्च २०२० मध्ये हे सगळं एका आठवड्यात बंद झालं.

१५ मार्चला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटसेवा सुरू झाली. मुंबईचे डॉक्टर आता गाडीतून उतरायच्या आत गाठता येणार, अशा बातम्या आम्ही केल्या. त्याच सुमाराला राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला होता. हा कायदा मुळात मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. रो-रो थांबली, एसटी थांबली, देवळांना कुलूप लागलं. रेल्वेने २० मार्चपासून ज्येष्ठांची तिकीट सवलतच काढून घेतली, गर्दी टाळावी म्हणून. पुढे टाळेबंदी थोडी सैल झाली तरी ६५ वर्षांवरच्यांनी घरातच राहायचं, ही अट राहिली.

वैद्यकीय दृष्टीने ह्यात चूक काहीच नव्हतं. हा आजार म्हाताऱ्यांनाच जास्त मारत होता. पण घरात बसवलेल्या माणसाकडे रोज बघायचं काम कोणाचं, हे त्या आदेशात नव्हतं. दारू दुकानं मे महिन्यात उघडली, देवळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला. मधले जवळजवळ आठ महिने देवळं उघडावीत की नाही ह्यावर राजकारण खूप झालं, आंदोलनं झाली. भक्तीच्या बाजूने आणि विज्ञानाच्या बाजूने दोन्हीकडून भांडण झालं. पण कोकणातल्या गावात देवळाचा ओटा म्हणजे म्हाताऱ्यांचं दिवसाचं केंद्र आहे आणि ते बंद आहे तोवर दुसरं काहीतरी द्यायला हवं, हे कोणत्याच बाजूने म्हटलं नाही.

शहरातल्या आणि परदेशातल्या केंद्रांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. मुंबई-पुण्यातल्या संस्थांनी कार्यक्रम झूमवर नेले. गाणी, अंताक्षरी, व्यायाम, डॉक्टरांच्या गप्पा. फोनवरून चौकशी सुरू झाली, किराणा आणि औषधं पोचवणारे स्वयंसेवक उभे राहिले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता आणि तो चालवून देणारा नातू होता, त्यांचं बरं चाललं. डिमेन्शिया झालेल्यांचं अवघड झालं. रोजची वेळ, रोजची खुर्ची, रोजचे चेहरे ह्यांवर ती माणसं तगून असतात. पडद्यावरच्या चौकोनात त्यांना ओळख पटत नाही. त्यांच्या बायका-सुना चोवीस तास एकट्या पडल्या.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने मार्च २०२० मध्येच एक शहाणपणाचा निर्णय घेतला. इमारत बंद ठेवा, पण केंद्राचे पैसे बंद होणार नाहीत. त्याच कर्मचाऱ्यांनी आपल्याच यादीतल्या माणसांना फोन करायचा, जेवण पोचवायचं, नर्सने विचारपूस करायची, गरज लागली तर दारात जायचं. जपाननेही बंद केंद्रांच्या कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन दिलेली सेवा मोबदल्यासाठी धरली. तेव्हापर्यंत पैसा खोलीत येऊन बसलेल्या डोक्यांवर मिळायचा. आता तो सेवा मिळालेल्या माणसावर मिळू लागला. इंग्लंडात मात्र बंद झालेली कितीतरी दिवसाची केंद्रं पुन्हा उघडलीच नाहीत.

आमच्याकडे केंद्रच नव्हतं, मग जुळवून कोणी घेतलं?

घेतलं. पण ज्यांनी घेतलं त्यांच्या कामाचं नाव ‘वृद्धसेवा’ नव्हतं. आशाताईने घेतलं. तिचं नेमलेलं काम बाळंतपणं आणि लसीकरण. तिच्या वहीत घराघरातली माणसं वयासकट लिहिलेली. मुंबईहून कोण आलं, कोणाला ताप आहे हे बघायला ती दारात जायची आणि जाता जाता आजीची बीपीची गोळी संपलीय हे तिला कळायचं. पोस्टमनने घेतलं. टाळेबंदीत पोस्टाच्या बँकेच्या यंत्रावर अंगठा लावून घरच्या घरी पैसे मिळू लागले. श्रावणबाळचे हजार रुपये, केंद्राने दोन हप्त्यांत दिलेले जादा हजार रुपये, हे आणायला अलिबाग गाठायची गरज राहिली नाही. अंगठा मात्र उठायला हवा. आयुष्यभर माती आणि मासळी हाताळलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. पोस्टमन दुसरं बोट लाव, तिसरं लाव करत बसायचा. शिवभोजन थाळी पाच रुपयांना पार्सल मिळू लागली. सरकारने १३ एप्रिल २०२० ला ई-संजीवनी ओपीडी सुरू केली, घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर. रेंज असेल तिथे.

त्या काळात पत्रकाराचा पास गाडीला लावून मी बातमीसाठी फिरत होतो. किहीममध्ये दोन तऱ्हेचे म्हातारे आहेत, हे तेव्हा फार स्पष्ट दिसलं. एक आळीतले. त्यांच्याकडे साधा फोन, बहुतेक वेळा चार्ज नसलेला. पण भिंतीला भिंत लागून शेजार. दुसरे निवृत्त होऊन बंगल्यात राहायला आलेले मुंबईकर. त्यांच्याकडे झूम, व्हॉट्सअॅप, मुलगा अमेरिकेतून रोज रात्री व्हिडिओ कॉल करणार. पण कंपाउंडच्या बाहेर ओळखीचं माणूस नाही आणि घरकामाची बाई येणं बंद. पहिल्यांना आठवडाभर डॉक्टर भेटत नव्हता, दुसऱ्यांना आठवडाभर माणूस भेटत नव्हता. गरीब-श्रीमंत हा फरक इथे कामाचा नाही. दोघांनाही दारात येणारं कोणीतरी हवं होतं.

आणि मग ३ जून २०२० उजाडला.

निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा. नारळी-सुपारीच्या वाड्या झोपल्या, कौलं-पत्रे उडाले, विजेचे हजारो खांब जिल्ह्यात आडवे झाले. किनाऱ्यावरच्या कच्च्या घरांतली माणसं आदल्या दिवशी शाळांत हलवलेली. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांना अडीच महिने ‘कोणाच्या जवळ जाऊ नका’ सांगितलं, त्यांना एका रात्रीत चाळीस जणांच्या खोलीत बसवावं लागलं. दुसरा इलाजच नव्हता.

वादळानंतर कित्येक दिवस वीज नाही, त्यामुळे मोबाईल टॉवर नाही, त्यामुळे फोन नाही. टाळेबंदीत आपण जी काही नवी सोय उभी केली होती, फोन, व्हिडिओ, ऑनलाइन, अंगठ्याचं यंत्र, ती सगळी एका दुपारीत बंद पडली. मुंबईतले मुलगे वेड्यासारखे नंबर फिरवत होते. मला स्वतःला रेंज मिळेल तिथे उभं राहिलो की मेसेज यायचे, “दादा, आमच्या घराकडे जरा बघून याल का?”

तेव्हा काम कशावर चाललं? ज्याला घर माहीत होतं, घरात म्हातारं माणूस आहे हे माहीत होतं आणि जो चालत तिथे जाऊ शकत होता, त्याच्यावर. आशाताई, अंगणवाडी सेविका, तलाठ्याचा कोतवाल, ग्रामपंचायतीचा शिपाई, मंडळाची पोरं. पडलेली झाडं ओलांडून ही माणसं दारोदार गेली. पंचनामा करायला गेली आणि पाणी देऊन आली.

मला इतकंच सांगायचंय की यंत्र आणि इमारत दोन्ही बंद पडली तरी ज्याच्या हातात यादी होती आणि जो ती घेऊन फिरणार होता, त्याचं काम चालू राहिलं.

पुढच्या वर्षभरात हीच यादी पुन्हापुन्हा कामाला आली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजला, कोणाला मधुमेह, कोणाला दमा, कोणाला हृदयविकार हे लिहून घेतलं. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याची नोंद त्याच्या दारात जाऊन होण्याची ती बहुतेक पहिलीच वेळ. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस सुरू झाली, तेव्हा मोबाईलवर नोंदणी न जमणाऱ्यांना आशाताईच घेऊन गेल्या. लसीच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसं एकमेकांना बघून हसत होती, रडत होती. वर्षानंतर भेट होत होती. लस टोचून झाल्यावर अर्धा तास बसायला सांगितलं की लोक तासभर बसायचे. एप्रिलमध्ये देवळं पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला उघडली.

ह्या कामाचा मोबदला काय मिळाला? कोविडच्या जादा कामाचे केंद्राने आशांना महिन्याला हजार रुपये ठरवले. दिवसाला तेहतीस रुपये. १५ जून २०२१ ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे मानधन वाढलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. म्हणजे पुन्हा शाल-श्रीफळच.

मग साथ ओसरली. काय शिल्लक राहिलं?

१४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर राहिला. ई-संजीवनी राहिली. पोस्टमनकडून घरी हयातीचा दाखला देण्याची सोय राहिली, ती खरंच कामाची आहे. २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच तीन हजार रुपये आले. रेल्वेची सवलत गेली ती गेलीच.

पण ती यादी? ती घेऊन दर आठवड्याला दारात जाणं? ते बंद झालं. आशाताई आपल्या नेमलेल्या कामावर परत गेल्या. मोहिमेचे कागद कुठल्यातरी कपाटात गेले असतील. परदेशात संकटाच्या निमित्ताने जे धोरण बनलं, ते आपल्याकडे फक्त मोहीम म्हणून राहिलं. आणि मोहीम संपते.

लोक म्हणतील, आता देवळं उघडी आहेत, ओटे भरलेत, मग अडचण काय? अडचण ही की ओटा आता पहिल्यासारखा भरत नाही. कोविडात काही गेले. काहींचे घरात बसून पाय गेले, ते बाहेर पडलेच नाहीत. तरुण मुंबई-पनवेलला आणि सुना बंगल्यांत, हॉटेलांत कामाला. पडवीत सुपारी सोलायला बसणारं कोंडाळं कमी झालं. जमिनी विकल्या गेल्या तशा पडव्याही गेल्या. जी सोय आपोआप चालत होती, ती आपोआप चालेनाशी झाली आहे. पुढचं वादळ आणि पुढची साथ काही आपल्याला विचारून येणार नाही.

मोठी इमारत मागत नाही. माझ्या मते गाव तीन गोष्टी करू शकतं.

एक, ग्रामपंचायतीत यादी. साठीवरची माणसं, एकटं कोण राहतं, चालता कोणाला येत नाही, औषध कोणतं, बाहेरगावच्या मुलाचा नंबर काय. बंगलेवाले धरून. दर सहा महिन्यांनी ताजी करायची आणि कागदावर ठेवायची, नुसती मोबाईलमध्ये नको. निसर्गने ते शिकवलंय.

दोन, त्या यादीवर आठवड्यातून एकदा दारात जाणारं माणूस. आशाताई असो नाहीतर बचतगटातली बाई, पण पैसे देऊन. फुकटची सेवा साथीपुरती टिकते. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. वृद्धांसाठीही असा ठराविक वाटा मागायला काय हरकत आहे?

तीन, समाजमंदिर किंवा शाळेची रिकामी खोली रोज दोन तास उघडी. पाठ टेकायची खुर्ची, धरायला कठडा, जवळ संडास, चहा. बाकी गप्पा त्यांच्या ते मारतील.

उद्या २ ऑक्टोबर, बहुतेक गावांत ग्रामसभा असते. रस्ते, गटारं, पाणी हे विषय निघतीलच, निघायलाच हवेत. त्यात हा एक विषय लेखी द्या. ठरावाची नक्कल मागून घ्या. आणि तुमच्या गावात टाळेबंदीत म्हाताऱ्या माणसांकडे कोणी बघितलं, कसं बघितलं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. तो इतिहास आपणच लिहून ठेवायला हवा.